भट्टीची उष्णता

आमच्या सासरी कुठल्याही दुखण्याला एकच नाव होतं, उष्णता. तोंड आलं, उष्णता. केस गळले, उष्णता. डोळे चुरचुरले, झोप लागली नाही, शेजारणीशी भांडण झालं, तरी उष्णताच. म्हैस दुधाला कमी आली तेव्हा आत्याबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या होत्या, "बिचारीला उष्णता झालीया," आणि तिच्या पेंडीत त्यांनी मूठभर धने टाकले होते. म्हशीने ते बिनतक्रार खाल्ले. माझ्यात आणि म्हशीत फरक एवढाच, की मला धन्यांच्या जोडीला जिरंही मिळायचं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. सासूला आत्याबाई म्हणायची आमच्यात रीत. उंच, सडपातळ, विधवा, आणि आवाज असा की गोठ्यातून हाक मारली तर रस्त्यावरच्या बैलाने थांबावं. धायरी तेव्हा गाव होतं. घर मातीच्या भिंतींचं, पुढे सारवलेलं अंगण, मागे गोठा. आज त्या गोठ्याच्या जागी आमच्या सोसायटीचं पार्किंग आहे, आणि माझ्या नातजावयाची गाडी नेमकी म्हशीच्या गव्हाणीवर उभी असते. म्हैस अंगाने त्या गाडीपेक्षा जरा भरलेली होती, एवढंच.

मी पेठेतली. मॅट्रिक झालेली, दोन वेण्या घालणारी, आणि आपल्याला जगातलं सगळं कळतं अशी खात्री असलेली. खरं तर मला भाकरी थापता येत नव्हती, चूल पेटवता येत नव्हती, आणि स्वतःच्या शरीराबद्दल जे माहीत होतं ते एका पोस्टकार्डावर मावलं असतं, पत्त्याची बाजू सोडून. शाळेत शरीरशास्त्राच्या पुस्तकात तो धडा होता. आमच्या बाईंनी पचनसंस्था शिकवली, श्वसनसंस्था शिकवली, मग घसा खाकरला आणि एकदम वनस्पतींकडे वळल्या. मला फुलातले पुंकेसर तोंडपाठ होते. लग्नाच्या आदल्या दिवशी आईने मला कोपऱ्यात नेलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "सांभाळून राहा." काय सांभाळायचं ते तिने सांगितलं नाही. मी दागिने सांभाळले.

तर लग्नाला काही महिने झाले आणि मला त्रास सुरू झाला. अंगावरून जायला लागलं, पिवळसर, वास येणारं. लघवीला बसलं की डोळ्यांत पाणी यायचं. ओटीपोटात सारखं जड वाटायचं. आज हे मी किती सरळ लिहिते आहे! तेव्हा आत्याबाईंना सांगताना मी विहिरीकडे तोंड करून, पदराचं टोक चावत, "मला जरा तसं होतंय," एवढंच म्हणाले होते. पण बायकांचं 'तसं' बायकांना कळतं. त्या म्हणाल्या, "आगं मग सांगायचं न्हाई व्हय? उष्णता हाय."

आणि उपचारांचा जो काही सपाटा सुरू झाला! सकाळी उठल्याबरोबर तांदळाचं धुवण. मग रात्रभर भिजवलेलं धने-जिऱ्याचं पाणी. दुपारी सब्जा. जेवणानंतर गुलकंद. पाटा-वरवंट्याचा घरघर आवाज आला की मी ओळखायची, माझ्यासाठी काहीतरी गार वाटलं जातंय. संध्याकाळी आत्याबाई मला ओट्यावर बसवायच्या, माझा पाय स्वतःच्या मांडीवर घ्यायच्या, तळव्याला तूप चोळायच्या आणि काशाच्या वाटीने घासायला लागायच्या. घासता घासता ते तूप काळंभोर व्हायचं. "बग, बग किती निगतीया," असं म्हणत त्या तो काळा लेप मला अभिमानाने दाखवायच्या. कुणाच्याही पायावर ती वाटी घासली तरी तूप काळंच होतं, हे मला फार पुढे कळलं. पण तेव्हा त्या काळ्या तुपावर माझा एवढा विश्वास होता, की दोन्ही पायांची तुलना करून मी म्हणायची, "आत्याबाई, डाव्यात जास्त आहे." सासूच्या मांडीवर पाय ठेवायला मिळालेली सून गावात दुसरी नव्हती. मला बरं वाटत नव्हतं, पण फार छान वाटायचं.

ह्यांचंही तसंच चाललं होतं. हे म्हणजे माझे यजमान, आत्याबाईंचा एकुलता एक दत्ता. हडपसरच्या एका कारखान्यात लोखंड वितळवायच्या भट्टीवर कामाला होते. त्यांनाही लघवीला आग व्हायची. ते आईला सांगायचे, आई त्यांना धने-जिऱ्याचं पाणी द्यायची. एका सकाळी स्वयंपाकघरात झाकलेले दोन पेले दिसले. मी विचारलं, "हा दुसरा कुणाचा?" आत्याबाई म्हणाल्या, "दत्ताचा. भट्टीची उष्णता हाय त्येच्या अंगात. दिसभर आगीम्होरं उभा ऱ्हातो, आन् घरी येतो. नवरा-बायकूचं एक अंग. त्येची उष्णता तुझ्यात उतरली."

बघा, त्या किती जवळ आल्या होत्या! एकाकडून दुसऱ्याकडे कसं जातं ते त्यांनी बरोबर ओळखलं होतं, फक्त आरोपी चुकीचा पकडला होता. आणि मी मॅट्रिकवाली, मला हे शास्त्र अगदी पटलं. मी ह्यांच्या डब्यात काकडी द्यायला लागले. त्यांच्या उशाला वाळ्याची जुडी ठेवली. हे कामावरून आले की मी त्यांना लगेच जवळ येऊ द्यायची नाही, आधी विहिरीच्या पाण्याने आंघोळ. निवले की मग. पुंकेसर पाठ असणाऱ्या मुलीची ही अक्कल.

पुढे एकदा सकाळी चुलीपुढे बसले असताना ओटीपोटात अशी कळ आली, की हातातलं पीठ तसंच राहिलं. अंगात तापही होता. आत्याबाईंनी माझ्या कपाळाला हात लावला, हिशेब लावल्यासारखा चेहरा केला आणि चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "ऊठ. हे आता माझ्या हातचं न्हाई. तुज्या म्हायेराकडं डॉक्टरीण हाय म्हनत हुतीस, तिकडं जाऊ."

सदाशिव पेठेतल्या त्या डॉक्टरीणबाईंच्या हातावर निम्म्या पेठेचा जन्म झाला होता, माझाही. पांढरं पातळ, घट्ट अंबाडा, आणि जिभेला धार. आत्याबाई बाहेर बाकावर बसल्या, मी आत गेले.

"काय होतंय?"

"उष्णता झालीय."

"निदान मी करते. तुम्ही फक्त काय होतंय ते सांगा."

मी पंख्याकडे बघायला लागले.

"पंख्याला काही झालेलं नाही. माझ्याकडे बघा. अंगावरून जातंय? रंग कसा? वास? लघवीला जळजळ? नवऱ्याजवळ असताना दुखतं?"

मी वर्गात हजेरी द्यावी तशी प्रत्येकाला हो, हो म्हणत गेले. मग त्यांनी विचारलं, "मिस्टरांना काही त्रास?"

"त्यांनाही आग होते. पण त्यांची भट्टीची आहे. लोखंडाची. हडपसरला."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "भट्टी हडपसरला आणि पोळलात तुम्ही धायरीला. मोठी कर्तबगार भट्टी दिसतेय."

त्यांनी तपासलं. मी घाबरले होते, पण हात हलका होता त्यांचा, आणि करण्याआधी प्रत्येक गोष्ट सांगत होत्या, आता हे करतेय, आता जरा दुखेल, श्वास सोडा. काचपट्टीवर काहीतरी घेतलं, दंडातून रक्त घेतलं, काचपट्टी घेऊन आतल्या खोलीत गेल्या. परत आल्या तेव्हा खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या, टेबलाच्या पलीकडे नाही.

"ही उष्णता नाही. हा जंतूंचा आजार आहे. संबंधातून एकाचा दुसऱ्याला होतो. लोक त्याला गुप्तरोग म्हणतात आणि गुप्त ठेवून वाढवतात. औषध आहे, पूर्ण बरा होतो. तुम्हाला त्रास झाला म्हणून आलात. पुष्कळ बायकांना काहीच जाणवत नाही, आणि आतून नुकसान होत राहतं."

माझ्या तोंडून काय निघावं? "मग ते तांदळाचं धुवण सगळं वाया गेलं?"

"झाडांना घातलं असतंत तर बरं झालं असतं," बाई म्हणाल्या. मग माझा चेहरा बघून आवाज खाली आणला. "हे बघा, तुमचं औषध आजच सुरू करते. पण एकट्या तुम्हाला देऊन भागणार नाही. त्यांना घेऊन या. तपासणी दोघांची, औषध दोघांना. नाहीतर इथून बऱ्या होऊन जाल आणि पुन्हा तेच घेऊन याल. पोटात नळ्यांना सूज आहे. अजून ताजी आहे. हे असंच परत परत होत राहिलं तर मूल राहायला अवघड जाईल. घाबरवत नाही, सांगतेय."

"माझ्याकडून त्यांना झालं असेल का?"

"लग्नाआधी तुमचा कुणाशी संबंध?"

"छे!"

"मग पुढचं गणित तुम्हाला सुटेल. मॅट्रिक झालात ना?"

गणित सुटलं. बाहेर जाऊन ते आत्याबाईंना कसं सांगायचं, हे मात्र सुटेना. एकुलत्या एका मुलाची आई ती. गावात असलं काही फुटलं की बोट कुणाकडे वळतं, एवढं मला कळत होतं. वर मी पेठेतली, शिकलेली, दोन वेण्यांची. मी बाकावर बसले आणि जमिनीकडे बघत सगळं सांगितलं. त्या पदराची गाठ सोडत होत्या, बांधत होत्या. मग एकच विचारलं, "कुनाकडनं कुनाला?"

"त्यांच्याकडनं मला."

त्या उठल्या. मला वाटलं, चालल्या मला इथेच टाकून. पण त्या सरळ आतल्या खोलीकडे निघाल्या. नर्स ओरडली, "अहो आजी, नंबर!" तिच्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. दार उघडंच राहिलं, म्हणून मला ऐकू आलं. गोठ्यातून रस्त्यावर पोचणारा तो आवाज तेव्हा जेमतेम टेबलापर्यंत पोचत होता.

"बाई, म्या एक इचारू का? दत्ताच्या पाठची माझी चार गेली. येक बी टिकलं न्हाई. मालक बाजाराला जायचं, तिकडं ऱ्हायाचं. आलं की त्येंना बी उष्णता, मला बी. सासूनं माझं बी पाय असंच घासलं. हे... हे त्येच असंल का?"

आत खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या. बसा इथं. तुमचंही रक्त बघू." इतका वेळ त्यांच्या बोलण्यात जो काटा होता, तो त्या वाक्यात नव्हता.

परतीच्या बसमध्ये आत्याबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. सिंहगड रस्त्याला दोन्ही बाजूंनी ऊस लागला तेव्हा म्हणाल्या, "म्या आजवर समजत हुते, माझ्याच अंगात आग हाय. लेकरं पोटातच करपत्यात." मी त्यांचा हात धरला. तो कधी नव्हे तो गार होता.

इथे एक सांगते. माझी नात रेवा खराडीला नोकरी करते. लग्न ठरल्यावर ती आणि तिचा नवरा, तेव्हाचा मित्र, दोघं मिळून तपासण्या करून आले आणि येताना माझ्यासाठी बाकरवडी घेऊन आले. मी विचारलं, "कुठे गेला होतात?" तर म्हणे, "टेस्ट्स करून आलो गं आजी, सगळं क्लिअर. चहा टाकतेस?" आमच्या वेळी पत्रिका जुळवायचे. ह्या दोघांनी रक्त जुळवलं. मी चहा टाकला आणि स्वयंपाकघरात उभी राहून जरा रडले. आलं किसताना डोळ्यांत गेलं, असं सांगितलं. आलं कधी डोळ्यांत जात नाही, पण रेवाला स्वयंपाक येत नसल्यामुळे खपून गेलं.

तर त्या संध्याकाळी हे कामावरून आले. अंगणात पाय धूत असताना आत्याबाई समोर जाऊन उभ्या राहिल्या. "दत्ता, उद्या कामावर जायचं न्हाई. पेठेत डॉक्टरणीकडं जायचं, तपासाय."

"मला काय झालंय? भट्टीवर सगळ्यांनाच हुतंय."

"सगळ्यांच्या बायकांना हुतंय?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी दारात उभी होते. तांब्या हातातून सुटला वगैरे, तसलं काही झालं नाही. त्यांनी तो नीट खाली ठेवला आणि दगडावर बसले.

"लग्नाच्या आदी. कंपनीनं बाहेरगावी काम शिकाय पाठीवलं हुतं तवा. दोस्तांसंगं गेलो. एकडाव. मग आग व्हाया लागली. तितं एकानं गोळ्या दिल्या, थांबली. मला वाटलं, गेलं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "परत झालं तवा तू म्हनलीस आई, भट्टीची उष्णता हाय. भट्टीचं नाव निघालं तवा लई बरं वाटलं मला."

आत्याबाई ओरडतील, असं मला वाटलं होतं. त्या ह्यांच्या शेजारी त्याच दगडावर बसल्या आणि ह्यांच्या बापाची गोष्ट सांगितली. चार गेलेल्या लेकरांची. ह्यांना आजवर ठाऊक होतं की आईची पोरं जगली नाहीत. का, ते ठाऊक नव्हतं. सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "म्या इचारलं न्हाई, तुझा बा बोलला न्हाई. आता हिच्यासंगं तसं करायचं का, ते तू बग." आणि म्हशीकडे निघून गेल्या.

मग माझी पाळी होती. मी मोठ्या ऐटीत म्हणाले, "सकाळच्या बसने मी जाणार आहे. तुम्ही आलात तर परत धायरीला येईन. नाही आलात तर तिथूनच माहेरी." एवढं म्हणून वळले आणि माझी ट्रंक गव्हाच्या पोत्यांखाली आहे, हे आठवलं. माहेरी जायचं तर ती पोती ह्यांनाच हलवायला सांगावी लागणार होती. त्यावर मी निम्मा राग खर्च केला.

सकाळी उठले तर हे घरात नव्हते. सायकल नव्हती, डबाही नव्हता. गेले कामावर. आत्याबाईंनी माझ्या ट्रंकेवरची पोती एकटीने बाजूला करून ठेवली. आम्ही दोघी बसथांब्याकडे चालायला लागलो. वळणावर आलो आणि मला हे दिसले. थांब्याच्या झाडाला सायकल टेकवलेली, आणि अंगात लग्नातला कोट. भर उन्हाळ्यात, वरपर्यंत बटणं लावलेला. घाम कानामागून वाहत होता. तिघं एकत्र निघालो तर गाव विचारील म्हणून कामावर निघाल्यासारखे डबा घेऊन पहाटेच पुढे गेले होते, आणि पेठेतल्या डॉक्टरकडे जायचं म्हणून कोट. मला हसू आलं. इतकं दुखत होतं, इतका राग होता, आणि तरी आलं. पदर तोंडाला लावून हसले, आणि मग हसता हसता रडले. हे आपले कोटाचं वरचं बटण चाचपत उभे.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना दारातच वरून खालपर्यंत बघितलं. "हीच का ती हडपसरची भट्टी? या. कोट काढा आधी, नाहीतर मला उष्माघाताचं औषध द्यावं लागेल." आत काय बोलणं झालं ते मला आजतागायत माहीत नाही. हे बाहेर आले तेव्हा दंडावर कापूस धरलेला होता आणि कान लाल होते. येऊन माझ्या शेजारी बसले, मध्ये जागा न सोडता. चारचौघांत पहिल्यांदाच.

औषधं झाली, तिघांचीही. आत्याबाईंच्या रक्तात जुनं काही निघालं, त्यांना बरीच इंजेक्शनं घ्यावी लागली, आणि प्रत्येक वेळी त्या हूं की चूं न करता घेऊन आल्या. काशाची वाटी त्यांनी म्हशीला पाणी पाजायला काढली. म्हैस त्यातून प्यायली नाही, तोंड जाईना. दुसरी तपासणी होईपर्यंत आम्ही दोघांनी लांब राहायचं, असं बाईंनी बजावलं होतं. आत्याबाईंनी तो आदेश असा पाळला की ह्यांची खाट उचलून गोठ्यात नेली.

आणि खरं सांगू? आमचं प्रेम जमलं ते त्या दिवसांत. लग्न झाल्यापासून आम्ही बोलायचो कुठे? डबा घ्या, डबा दिला, एवढंच. आता हे गोठ्याच्या उंबऱ्यावर बसायचे, मी ओट्यावर, मध्ये अख्खं अंगण. त्यांनी मला लोखंड कसं पाण्यासारखं होतं ते सांगितलं, त्या बाहेरगावच्या खोलीतली पोरं सांगितली, तिथून परत येताना गाडीत तोंडावर रुमाल टाकून कसे बसले होते तेही सांगितलं. मी ऐकायची. कधी राग उसळला की दुसऱ्या दिवशीच्या आमटीत मीठ जास्त पडायचं. ते मुकाट्याने खायचे आणि दोन तांबे पाणी प्यायचे. आत्याबाई म्हणायच्या, "आज आमटी कुनी केलीया ते कळतंय."

दुसरी तपासणी चांगली निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जा आता. पुन्हा आलात तर पाळणा घेऊन या." बसमध्ये चढलो तेव्हा आत्याबाई एकट्याच पुढे जाऊन बसल्या, आणि धायरी येईपर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

हे खिडकीकडे तोंड करून हळूच म्हणाले, "राग गेला का?"

"थोडा आहे."

"त्याला काय औषध?"

"मला काय माहीत? रोज विचारत जा."

मी आपली बोलून गेले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा पुढे केला आणि त्यांनी खरंच विचारलं. मी "नाही" म्हणाले. तिसऱ्या दिवशी विचारलं. पुढे कितीतरी सकाळी विचारत राहिले, कामाची घाई असली तरी, अंगात ताप असला तरी, कधी आत्याबाई समोर असल्या तर नुसती भुवई उडवून. मी कधी "आहे" म्हणायची, कधी "बघू." मग मला दिवस गेले. त्या धावपळीत एका सकाळी ह्यांनी चहासाठी हात पुढे केला, विचारलं काहीच नाही. मी कप सोडला नाही. तसाच धरून ठेवला आणि म्हटलं, "अहो, आज विचारायचं राहिलं."